बेशरमची भिंत

भिंतीसमोर उभी राहून मी ते घोषवाक्य पुन्हा एकदा वाचलं आणि पुन्हा मला त्यात शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. काना-मात्रा जागच्या जागी होत्या. प्यारेलाल पेंटरनं या वेळी 'तलाव'चा 'तालाव' केला नव्हता. मग माझ्या पाठीमागे पानठेल्यावर बसलेली माणसं कशाला हसत होती, ते मला कळेना.

बेशरमला देऊ नका थारा,
तलाव आपला वाचवा सारा.

निळी ढोबळ अक्षरं, खाली संस्थेचं नाव, बाजूला बेशरमचं फिकट जांभळं फूल. फुलाचा जरा पत्ताकोबी झाला होता, पण लोक फुलाला हसत नव्हते.

"मस्त जागा धुंडली मॅडम," पानठेल्यावरचा एक जण म्हणाला. "पत्ता एकदम बरोबर हाये."

बाकीचे खो खो हसले. मी वळून पाहिलं तर सगळे गंभीर होऊन हातातल्या तंबाखूच्या खर्ऱ्याकडे बघायला लागले.

ही भंडारा जिल्ह्यातली फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, आणि माणसाला नीट माहिती दिली की माणूस नीट वागतो, अशी माझी पक्की समजूत होती. चिचगोंदी नावाच्या त्या गावाला एक जुना मोठा तलाव होता आणि त्याच्या तिन्ही काठांनी बेशरम माजली होती. विदर्भात ही वनस्पती ठाऊक नसलेला माणूस मिळायचा नाही. कोणी तरी कधी काळी परदेशातून शोभेसाठी आणली. कुठंही रुजते, गुरं तोंड लावत नाहीत, तोडली तर तुटलेल्या कांडीला पुन्हा मुळं फुटतात. म्हणून तिचं नाव बेशरम. तिच्यामुळे गाळ साचत होता, जाळी अडकून फाटत होती, ढिवरांना मासे मिळेनासे झाले होते. आमच्या संस्थेला तलाव साफ करण्याचं काम मिळालं होतं, आणि उपटण्याआधी लोकांना शहाणं करणं हे माझं काम होतं.

मी शाळेत पडद्यावर चित्रं दाखवली. मुलांची फेरी काढली. बचत गटाच्या बायकांना कांडी कशी रुजते ते बादलीत लावून दाखवलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चित्रं पाहून एका म्हातारीनं विचारलं, "हे फूल आमच्या बाडीत लावाले भेटन का?" ज्या कांड्या मी मुलांना उपटून आणायला लावल्या, त्या मुलांनी शाळेमागे फेकल्या आणि पंधरवड्यात तिथं नवं बेशरमचं बेट झालं. माझ्या सगळ्या मेहनतीचं फळ म्हणून गावानं मला एक नाव तेवढं दिलं होतं. एसटीतून उतरले की पोरं ओरडायची, "बेशरमवाल्या मॅडम आल्या." मी ते हसून घ्यायची. आत चरफडायची.

तर त्या दिवशी मी भिंतीपाशी उभी होते. ज्या घराची ती भिंत होती, त्या घरातून एक तिशीची बाई बाहेर आली. सावळी, काटक, पदर कमरेला खोचलेला, हातावर माशांचे खवले चिकटलेले. मी तिला बचत गटाच्या बैठकीत मागच्या बाजूला बसलेली पाहिली होती.

"भाईर उनात कायले उभ्या रायता मॅडम? अंदर या."

आत गेले. तिनं पितळी पेल्यात पाणी दिलं. मी विचारलं, "तुमच्या भिंतीवर लिहिताना तुम्हाला विचारलं होतं ना?"

"सरपंचानं बाबाले विचारलं. बाबा हाव म्हनले." तिकडे होकाराला 'हाव' म्हणतात.

"तुमचं नाव?"

"वच्छला. दसाराम वलथरेची पोरगी." ती जरा थांबली. "तुमाले कोनं सांगतलं नाई वाटते."

"काय?"

"या गावात बेशरम म्हनलं का दोन गोष्टी येतेत ध्यानात. एक तलावातली." तिनं हाताचे खवले नखानं काढले. "दुसरी मी."

मी पेला खाली ठेवला.

तिनं सगळं सरळ सांगितलं, रडगाणं न लावता. नदीपलीकडे दिलं होतं. नवरा सुखदेव दारू पिऊन मारायचा, न पिता जास्त मारायचा. एक दिवस ती भर दुपारी, सगळ्या आळीदेखत पिशवी घेऊन निघाली आणि बापाच्या दारात येऊन उभी राहिली. त्याला वर्ष झालं. नवरा टाकून आली म्हणून बेशरम. वर पुन्हा बापाचं जाळं घेऊन पाण्यात उतरते आणि बाजारात मासे विकते म्हणून अधिकच बेशरम.

"उद्या थे लोकं येऊन रायले," ती म्हणाली. "सुखदेव, त्याचा मामा, नि जातीतले दोघं. बैठक हाये. मले परत न्यायची."

"आणि तुमचे बाबा?"

"बाबा काय. बाबा हाव म्हनतेत."

भिंतीवरची ओळ आता मला आतूनही दिसायला लागली. बेशरमला देऊ नका थारा. लेकी बोले सुने लागे ही म्हण मी शाळेत शिकले होते. झाडाला बोलून लेकीला लावायची ही तऱ्हा मला नवीन होती, आणि तिच्याखाली माझ्या संस्थेचं नाव होतं. माझ्या अंगाची आग झाली.

"मी आत्ताच्या आत्ता पुसायला लावते," मी उठले.

"नाई," वच्छला म्हणाली. "राहू द्या."

"राहू द्या काय? उद्या तुमची बैठक आहे, आणि बाहेर हे असं?"

"राहू द्या म्हनलं ना मॅडम. कोनंच पुसू नका."

मला तिचाही राग आला. ज्या माणसाला वाचवायचं त्यानंच हात झटकला की जसा येतो तसा. मी चपला घातल्या आणि तरातरा सरपंचाकडे गेले.

सरपंच लांजेवार खाटेवर बसून रेडिओच्या बॅटऱ्या बदलत होते. त्यांनी माझं स्वागत केलं, चहा मागवला. मी चहा नको म्हटलं, तरी मागवला.

"भिंत तुम्ही निवडली?" मी विचारलं.

"मोक्याची हाये ना मॅडम. एसटी तिथंच थांबते."

"ग्रामपंचायतीची भिंत होती."

"तिथं संडासाचं हाये."

"शाळेची?"

"तिथं पोलिओचं. समाजमंदिरावर कुटुंब नियोजन. तुमीच सांगा, बेशरम लिवाले जागा कुटं रायली?"

"ते घर कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"गावात कोनाचं घर कोनतं हे सरपंचाले मालूम नसन त कोनाले असन?" ते हसले, मग हसू आवरून आवाज खाली आणला. "हे पाहा मॅडम, वाईट नोका मानू. गावची लेक सासरीच शोभते. ही आली, बापानं थारा देल्ला. मंग हिचं पाहून बांत्याची पोरगी आली. आता माळ्याची आली. एकीचं पायलं का दुसरी येते. पसरते. तुमीच त सांगता ना, एक कांडी पडली का सारा तलाव भरते."

इतके दिवस मी घसा कोरडा करून सांगत होते आणि गावात कुणी ऐकतच नाही म्हणून चिडत होते. ऐकलं होतं, चांगलं बारकाईनं ऐकलं होतं, आणि ते हे असं वापरलं होतं.

"ते पुसायला लावा," मी म्हटलं.

"पुसतो ना. तुमच्या हापिसाचं पत्र आना, लगेच पुसतो. सरकारी योजनेचं लिवलेलं मी कसा पुसू? उद्या माह्यावरच येईन." आणि त्यांनी रेडिओ लावला.

गावात फोन लागायचा तो फक्त एसटीच्या फलाटाच्या कट्ट्यावर उभं राहिल्यावर. मी कट्ट्यावर चढले आणि ठोंबरे सरांना फोन लावला. ते माझे वरिष्ठ. घोषवाक्य त्यांनीच रचलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"पुसायचं? देशकर मॅडम, नागपूरची टीम फोटो मागते आहे आणि तुम्ही पुसायचं म्हणता?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

"दुर्दैवी आहे," ते म्हणाले. "पण आपण वनस्पतीबद्दल बोलतोय. लोकांनी गैरअर्थ काढला तर तो लोकांचा प्रश्न."

"मग निदान शब्द बदलू. शास्त्रीय नाव लिहू."

"आयपोमिया लिहिल्यावर कोणाला कळणार आहे? लोकांच्या भाषेत लिहा, असं वरून आहे."

"सर, लोकांच्या भाषेतच तर घोळ आहे."

"तुम्ही असं करा," ते म्हणाले, "उद्या तिथं हजर राहा आणि लोकांना योग्य अर्थ समजावून सांगा. हासुद्धा जनजागृतीचाच भाग आहे. आणि फोटो घ्या." फोन कट झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, देव जाणे.

मग उरला दसाराम. मला त्याचा सगळ्यात जास्त राग होता. ज्या बापानं पोरीच्या तोंडावर असलं लिहायला आपली भिंत दिली, त्याला मी चार शब्द सुनावणार होते. तो तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, आपल्या बाडीत होता. सत्तरीचा, वाळलेला, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पांढरा दुपट्टा. दगडानं ठोकून ठोकून जमिनीत काठ्या रोवत होता. जवळ गेले आणि मी कपाळाला हात लावला.

"हे काय लावताय?"

"कुंपन."

"कशाचं?"

"बेशरमचं."

"परवा शाळेत तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात."

"हाव."

"मी काय सांगितलं होतं?"

त्यानं दगड खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखं म्हणून दाखवलं, "हे झाड इथलं नोय. भाईरून आलं. एक कांडी पडली का रुजते. इथलं जे हाये त्याले मारते. मुळासकट उपटाव."

"मग?"

"बकऱ्या खात नाईत ना जी याले."

मी त्याच्या ढिगातली एक कांडी उचलली आणि संतापानं तलावात भिरकावणार, एवढ्यात लक्षात आलं की नेमकं तेच तर करायचं नसतं. कांडी मी तशीच हातात धरून उभी राहिले.

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"हाव. चवथी शिकलो मी."

"गाव ते कुणाबद्दल वाचतंय ते माहीत आहे?"

त्यानं रोवलेली काठी हलवून पाहिली. "हाव," तो म्हणाला.

"सरपंचाला हाव म्हणालात. उद्या जावयाला यायला हाव म्हणालात. वच्छलाला इथं राहायलाही हाव म्हणाला असाल. दसारामजी, माणसानं किती जणांना हाव म्हणायचं? उद्या ते तिला घेऊन जातो म्हणाले, तर?"

त्यानं पुन्हा दगड उचलला. "थे येऊन त रायले," तो म्हणाला आणि ठोकायला लागला. माझ्या हातातली कांडी मागून घेतली आणि तीही रोवली.

रात्रभर मी तालुक्याच्या खोलीवर तळमळले. सकाळी बाजारातून चुना घेतला, बादली घेतली, कुंचा घेतला. नोकरी गेली तर गेली, ठोंबरे सरांना म्हणावं घ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो. पहिल्या एसटीनं चिचगोंदीला उतरले तेव्हा पानठेल्यावर बैठक पाहायला आलेल्यांची गर्दी होती. मी बादली घेऊन भिंतीकडे निघाले. वच्छला दारातच उभी होती.

"तुमाले म्हनलं ना मी," ती म्हणाली. तिचा आवाज वाढला नाही, पण मी थांबले. "ठेवा थे खाली."

मी बादली भिंतीच्या कडेला ठेवली. काय करणार. कपाळाला आठ्या घालून ओसरीच्या कोपऱ्यात बायकांजवळ जाऊन बसले.

ते आले. सुखदेव हा देखणा, भांग पाडलेला, मान खाली घालून बसणारा माणूस निघाला, आणि त्याचाही मला राग आला. मारणारा माणूस तसा दिसत असता तर बरं झालं असतं. बोलायचं काम त्याच्या मामाकडे होतं. उदाराम मामा, गोल चेहऱ्याचा, पान खाऊन ओठ लाल. जातीतले दोन म्हातारे भिंतीला टेकून बसले. सरपंच लांजेवार खुर्चीवर. दसाराम जमिनीवर उकिडवा. आतून माशाच्या रश्श्याचा वास येत होता. भांडायला आलेल्या पाहुण्यांसाठीही जेवण रांधायचं असतंच.

"पोरीची चूक झाली," मामा म्हणाला. "आमच्या पोराची बी झाली असन. नवरा-बायकोत होते. वर्स झालं. आता नेतो आमी. कायले लोकाइले हसाले जागा द्याची?"

सगळ्यांनी माना हलवल्या.

"लेक म्हंजे परक्याचं धन," एक म्हातारा म्हणाला. "बापाच्या घरी चार दिवस शोभते."

"आनि आमी नाई म्हनत," मामानं हातातल्या चुन्याच्या डबीनं रस्त्याकडे खूण केली. "तुमच्याच भिताडावर लिवलं हाये. बेशरमले देऊ नोका थारा. आमी लिवलं काय? सरकारनं लिवलं."

बाहेर रस्त्यावरून हसण्याचा आवाज आला. मला राहवलं नाही. "ते झाडाबद्दल आहे," मी म्हटलं. "तलावातल्या झाडाबद्दल. बाईबद्दल नाही."

"आमी कुटं बाई म्हनलं?" मामा म्हणाला. आता ओसरीवरचेही हसले.

सरपंचांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "मॅडम हायेतच, त मॅडमच सांगतीन. गावाले शिकवाले त्याच आल्या. सांगा मॅडम, बेशरम वाढली का काय कराव?"

खरं सांगितलं तर त्यांच्या बाजूनं जात होतं, आणि खोटं सांगायचं कसं ते सुचत नव्हतं. मी वच्छलाकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी होती. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं, सरपंचाकडे नव्हतं, नवऱ्याकडे तर नव्हतंच. ती फक्त बापाकडे पाहत होती.

"त मंग सोयरे," मामा दसारामकडे वळला, "पाठवता ना? आजच नेतो."

सगळे 'हाव'ची वाट पाहत होते. मीसुद्धा.

दसारामनं दुपट्टा डोक्यावरून काढून मांडीवर ठेवला. "मॅडम," तो म्हणाला, "थारा म्हंजे काय जी?"

मी बुचकळ्यात पडले. चौथी शिकलेल्या माणसाला हा शब्द ठाऊक नसेल, हे मला खरं वाटेना. "थारा म्हणजे आसरा," मी म्हटलं. "बाहेरून आलेल्याला आपल्याकडे जागा द्यायची."

"भाईरून आलेल्याले."

"हो."

"मंग नाई," दसाराम म्हणाला.

मामाला वाटलं त्याला अर्थ कळला नाही. "नाई म्हंजे?"

"म्या कोनाले थारा देल्ला नाई. थारा भाईरच्याले देतेत. वच्छी याच घरात जलमली, त्या खोलीत. तिची माय तिथंच मेली. तिचं घर हाये, थे रायते. मी कोन देनारा, नि मी कोन पाठवनारा?"

पानठेल्यावरचे लोक ऐकायला पुढं सरकले होते, ते तिथंच थांबले.

"दसारामजी, समजून घ्या," सरपंच म्हणाले. "गावात चालीरीत..."

"तुमी भिताड मांगतलं, म्या देल्लं," दसाराम म्हणाला. "भिताड माहं होतं. पोरगी तुमाले मांगाची असन, त तिलेच मांगा." मग तो सुखदेवकडे वळला. जावयाला बोलावं तसं, पूर्ण मानानं बोलला. "तुमी मातर भाईरचे. लांबून आले. आजच्या दिवस थारा हाये तुमाले. जेवून जा."

सुखदेव उठला आणि चपला न शोधताच बाहेर पडला. एक म्हातारा त्याच्या चपला हातात घेऊन मागे धावला. सरपंचांना अचानक पंचायतीचं काम आठवलं. उदाराम मामा मात्र थोडा वेळ चुळबुळला, वास येत होता तिकडे आत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आता रांधलंच हाये त." तो चांगलं दोन वेळा भात घेऊन जेवला. त्याला वाढणारी वच्छलाच होती.

मी बाहेर येऊन बादलीत चुना कालवला. या वेळी मला कुणी अडवलं नाही. दसारामला विचारलं, "पुसू?" तर तो "हाव" म्हणाला. ऑइलपेंटवर चुना कुठला बसतो. चारचारदा हात फिरवला तरी खालून निळं दिसतच होतं. पण मी पानठेल्याकडे पाठ करून खसाखसा कुंचा मारत राहिले, आणि इतक्या दिवसांत गावात केलेल्या कुठल्याही कामानं मला झालं नव्हतं तेवढं समाधान त्या कामानं झालं. फोटो निघाला नाही म्हणून पुढे ठोंबरे सरांनी मला लेखी विचारणा केली, ती गोष्ट वेगळी.

हात धुवायला मी घरामागे गेले. वच्छला रांजणाजवळ दगडावर बसून रडत होती. नुसती रडत नव्हती, चिडून रडत होती. भांडी घासत होती आणि प्रत्येक भांडं आदळत होती.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "सगळं तुमच्या मनासारखं झालं की."

"एक साल," ती म्हणाली. "एक साल मी वाट पाहून रायली होती मॅडम. का हा मानूस एकदा तरी म्हनन, वच्छे, हे तुहं घर हाये. कधी म्हनला नाई. मी आली तवा हाव म्हनला. शेजारच्यानं म्हनलं, पाठव, त त्याले बी हाव म्हनला. मी रात्री पडल्या पडल्या इचार कराची, मी लेक म्हनून रायतो का पाव्हनी म्हनून रायतो." तिनं परात आपटली. "भिताडावर लिवलं त म्हनलं, आता तरी बोलन. आता पुसन नाईतर बोलन. म्हनून तुमाले पुसू देल्लं नाई. तुमी पुसलं असतं, त मले कसं समजलं असतं?"

मला इतका वेळ वाटत होतं की ती अडाणीपणा करतेय, भीतीनं हटून बसलीय. भीती तिला होती, पण ती मी समजत होते त्या भिंतीची नव्हती.

"आणि ते बोलले नसते तर?"

"त निंगाली असती."

"सुखदेवबरोबर?"

"त्याच्यासंग कायले? कुटं बी."

तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि आत गेली. मी तिच्या मागे गेले. आतल्या खोलीत दाराच्या आड खुंटीला एक नायलॉनची पिशवी टांगलेली होती, तीच, जी घेऊन ती वर्षापूर्वी भर दुपारी निघाली होती. आधी मला वाटलं, आजच भरून ठेवलेली असेल. तसं नव्हतं. ती कधी रिकामीच झाली नव्हती. वर्षभर तिची पातळं त्या पिशवीतच होती. धुवायची, वाळवायची, घडी करून परत पिशवीत.

खोलीत आडवा बांबू टांगून केलेली कपड्यांची वलणी होती. घरातल्या माणसाचे कपडे तिच्यावर असतात. तिच्यावर फक्त दसारामची धोतरं होती आणि एक सदरा.

वच्छलानं पिशवी खाली घेतली आणि एकेक पातळ काढून वलणीवर टाकायला लागली. दसाराम दारातून आत आला. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग वलणीकडे. पुढं होऊन त्यानं आपली धोतरं एका टोकाला सरकवली.